भुकटी कुठं पडलीया?

गेल्या ऑक्टोबरपासून माझी पिकअप सकाळी सुरू होताना ओरडायला लागली होती. चावी फिरवली की आधी एक लांब किंकाळी, चार-पाच सेकंद. मग ती दबायची आणि तिच्या जागी चिमणीसारखी चिवचिव सुरू व्हायची, ती इंजिन तापेपर्यंत. थंडी वाढली तशी किंकाळी लांबत गेली. जानेवारी संपता संपता तासभर गाडी पळवून आणली तरी लाल सिग्नलला थांबलं की चिवचिव ऐकू यायची आणि शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघायची.

गाडी २००४ची आहे. शेवरले सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. मीटरवर २ लाख ११ हजार मैल झालेत. आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो, कोलंबसच्या पश्चिमेला, मका-सोयाबीनच्या शेतांत. घरामागं पाऊण एकर जागा आहे. तिथं मी उन्हाळ्यात मेथी, कोथिंबीर, गवार, भेंडी, अंबाडी लावते आणि शनिवारी सकाळी कोलंबसला नेऊन ओळखीच्या घरांत पोचवते. पोटाची नोकरी वेगळी आहे, पण जीव रमतो तो या भाजीत, आणि ती सगळी या गाडीच्या हौद्यातून जाते. खत, माती, पेंढा, पाण्याची टाकी, सगळं तिच्याच पाठीवर. तिला काही झालं की घरात कुणी अंथरुणाला लागल्यासारखं मला चैन पडत नाही.

ऑक्टोबरात मी ती जवळच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, ऐकलं आणि म्हणाला, पट्टा. नवा पट्टा घातला, ९० डॉलर घेतले. आवाज गेला. तीन आठवड्यांनी परत आला. जानेवारीत पुन्हा तेच: पुन्हा नवा पट्टा, मजुरी त्यानं आपणहून कमी घेतली, आणि या खेपेला आवाज नऊ दिवसांत परत. माणूस लबाड नव्हता. आवाज पट्ट्यातून येत होता हे खरंच होतं. त्याला पट्टा दिसला, त्यानं पट्टा बदलला. पण पट्ट्याला रडवणारं कोण आहे, हे त्यानं बघितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

हा पट्टा म्हणजे सर्पेंटाईन बेल्ट, नागमोडी पट्टा. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला असतो. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून निघतो आणि वळसे घेत घेत पाण्याचा पंप, बॅटरी भरणारा अल्टरनेटर, पॉवर स्टेअरिंगचा पंप, सगळ्यांना फिरवून परत येतो. माझ्या गाडीत त्याला आतल्या बाजूनं लांबीभर सहा उभ्या रेघा आहेत, रबराच्या उंचवट्यांच्या; त्या पुलीच्या खाचांत बसतात. एसीचा पट्टा वेगळा, चार रेघांचा. पूर्वीच्या गाड्यांत एकेका यंत्राला वेगवेगळा पट्टा असायचा. अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करायचा, पहारीनं तो मागं रेटायचा, पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा आणि बोल्ट आवळायचा. १९७९च्या फोर्ड मस्टँगमध्ये एकच लांब पट्टा आला आणि पुढं सगळीकडं तोच झाला. हातानं ताण द्यायचं काम गेलं. ते काम एका स्प्रिंगच्या दांडीला मिळालं. दांडीच्या टोकाला पुली, दुसऱ्या टोकाला गोल डबी, डबीत स्प्रिंग. ही दांडी पट्ट्याला रात्रंदिवस रेटून धरते. इंग्रजीत तिला टेन्शनर म्हणतात. अण्णांनी तिचं नाव ठेवलं ताण्या, आणि आता आमच्या घरात तोच शब्द चालतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात आमचं गाव. तिथं अण्णांनी ३८ वर्षं पिठाची गिरणी चालवली. गुडघे बोलायला लागले तेव्हा बंद केली. आता ते ७९ वर्षांचे आहेत. आमचं रोज बोलणं होतं. थंडीच्या दिवसांत आमचे सकाळचे साडेसात म्हणजे तिकडचे संध्याकाळचे सहा. फेब्रुवारीत एकदा मी अंगणात गाडी तापत ठेवून त्यांच्याशी बोलत होते. मधेच म्हणाले,

“थांब. मागं काय वरडतंय?”

“गाडीचा पट्टा, अण्णा.”

“कवापासनं?”

“दिवाळीपासनं. दोनदा बदलून झाला.”

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दोनदा बदलला म्हंजे पट्टा न्हवं ते. भुकटी कुठं पडलीया बघितलंस का?”

मी तिथंच गप्प झाले. हा प्रश्न मी लहानपणी शेकडो वेळा ऐकला होता आणि साफ विसरले होते.

आमच्या गिरणीत मोटर भिंतीकडं होती, जात्याचे दगड पुढं, आणि मधे वीतभर रुंद सपाट पट्टा. कापडाचे थर आणि रबर असा तो पट्टा. गिरणीत सगळंच पांढरं असतं. भिंती, दिव्याची वायर, कोळ्याची जाळी, अण्णांच्या भुवया. त्या पांढऱ्यावर पट्ट्याची काळपट भुकटी पडली की लगेच डोळ्यांत भरायची. पट्टा नीट मधोमध पळत असला तर भुकटी नावालाच पडते. तो कडेला पळायला लागला, कशाला तरी घासायला लागला, की खाली बारीक काळी रेघ उमटते. अण्णा रोज सकाळी झाडू मारायच्या आधी बॅटरी घेऊन खाली वाकायचे. रेघ मोटरच्या पुलीखाली असली तर मोटर सरकली. जात्याच्या पुलीखाली असली तर बेअरिंगला खेळ आला, म्हणजे ते सैल झालं. रेघ कुठल्या अंगाला आहे त्यावरून मोटर किती आणि कुणीकडं ठोकायची ते ठरायचं. आम्हा भावंडांना दम होता, अण्णांनी जमीन बघितल्याशिवाय झाडूला हात लावायचा नाही.

पुलीलाही पोट असतं, हे त्यांनीच दाखवलेलं. सपाट दिसते, पण मधे किंचित फुगीर असते, आणि त्या फुगवट्यामुळं पट्टा आपोआप मधे राहतो. मी पट्टी आडवी धरून दोन्ही कडांची फट बघितली होती. आठ-नऊ वर्षांची असेन. इंजिनिअर व्हायचं तेव्हा ठरवलं नव्हतं आणि पुढं झालेही नाही, पण यंत्राकडं बघायची नजर मला तिथं मिळाली.

आणि राळ. पट्टा घसरायला लागला की बरेच गिरणीवाले राळेची पूड पट्ट्यावर टाकतात. चिकटपणा येतो, आवाज जातो, दळण निघतं. अण्णांच्या फळीवरही राळेचा डबा होता, पण तो लग्नसराईत रांग दाराबाहेर गेली तरच उघडायचा. “राळ टाकायची ती आजचं दळण काढाया,” म्हणायचे, “उद्या सकाळी कारण शोधायचंच.” इकडं दुकानात त्याचेच फवारे मिळतात. शेजारच्यांनी मला एक आणून दिला होता, प्रेमानंच. मी मारला नाही. रेघांच्या पट्ट्यावर ते मारूच नये. चिकटपणावर धूळ-रेती बसते आणि रेघांमध्ये भरते.

तर त्या दिवशी संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर मी हातबॅटरी घेऊन बॉनेटखाली डोकं घातलं. झाडू मारायच्या आधीची जमीन वाचावी तसं. पांढरं तिथं काहीच नव्हतं. सगळं २० वर्षांचं तेल, धूळ आणि रस्त्यावरच्या मिठाचा राखाडी थर. पण बघता बघता दिसलं. ताण्याच्या दांडीखाली, ओतीव अ‍ॅल्युमिनियमवर, मऊ काळी भुकटी साचली होती. बोट फिरवलं तर काजळासारखी बोटाला आली, चिकट नाही, कोरडी. अल्टरनेटरखाली नव्हती. स्टेअरिंगच्या पंपाखाली नव्हती. फक्त तिथंच. मग पट्टा बघितला. जानेवारीत घातलेला, जेमतेम महिन्याचा पट्टा, आणि त्याची इंजिनाकडची एकच कड उसवली होती. जुन्या गोधडीचे दोरे निघतात तसे बारीक धागे. दुसरी कड नव्यासारखी. आणि ताण्याच्या डबीला जिथं दांडी जोडलेली असते त्या फटीतून तांबूस ओघळ खाली आला होता. आतलं घासून-गंजून बाहेर येत होतं.

मी अण्णांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं: “सापडलं.”

तरी मला खात्री करायची होती. दुसऱ्या दिवशी मी केस घट्ट बांधले, बाह्या दुमडल्या, गळ्यातलं काढून ठेवलं आणि गाडी सुरू करून लांबूनच ताण्याकडं बघत उभी राहिले. दांडी किंचित हलणारच, ते तिचं कामच आहे. व्ही-८ इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात चार ठिणग्या पडतात. गाडी उभ्या जागी मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरत असली तर सेकंदाला ४० धक्के. प्रत्येक धक्क्याला पट्टा क्षणभर ताणतो आणि सैल होतो. ते हेलकावे ताण्यानं गिळायचे असतात. त्यासाठी डबीत स्प्रिंगच्या जोडीला घर्षणाचा प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे आतलं कडं, असतो, तो दांडीला फार उसळू देत नाही. माझी दांडी हलत नव्हती, ती हुडहुडी भरल्यासारखी थडथडत होती. पुलीची कड मला एकसंध दिसेचना, दुहेरी दिसायची.

मग पाण्याची परीक्षा. झाडांवर पाणी फवारायची बाटली घेतली आणि पट्ट्याच्या रेघांवर लांबूनच दोन फवारे मारले. चिवचिव एकदम बंद. मनात पाच आकडे मोजले आणि ती परत आली. पाण्यानं आवाज थोडा वेळ जातो आणि परत येतो याचा अर्थ पट्टा वाकडा पळतोय, कुठली तरी पुली सरळ नाही. उलट पाण्यानं आवाज वाढला तर पट्टा सैल आहे, घसरतोय. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर गारठलेली असताना, किंकाळी सुरू झाल्या झाल्या पाणी मारलं. आवाज दुप्पट झाला. दोन आवाज, दोन दुखणी, आणि दोन्ही एकाच भागाची: स्प्रिंग थकली म्हणून पट्टा सैल, बुश झिजला म्हणून दांडी कलंडलेली आणि पुली तिरकी. डीफ्रॉस्ट (काचेवरचं दव घालवायची हवा) लावून एसीचा कॉम्प्रेसरही चालू-बंद करून बघितला. आवाजात काडीचा फरक पडला नाही, म्हणजे चार रेघांचा पट्टा निर्दोष.

नवा पट्टा घातल्यावर आवाज का जायचा, तेही मग कळलं. कोऱ्या पट्ट्याच्या रेघा पूर्ण उंचीच्या, कड धड. तो थकलेल्या ताण्यालाही थोडे दिवस सांभाळून घ्यायचा. मग झिजायचा. एक गोष्ट इथं सांगून ठेवते, कारण मलाही ती उशिरा कळली. जुने पट्टे निओप्रीन नावाच्या रबराचे असायचे, त्यांना चिरा पडायच्या, आणि चिरा मोजून लोक पट्ट्याचं वय सांगायचे. आताचे पट्टे ईपीडीएम नावाच्या वेगळ्या रबराचे असतात. त्यांना सहसा चिरा पडत नाहीत. टायर झिजतो तसे ते झिजतात, रेघांमधली खाच रुंद आणि खोल होत जाते. त्यामुळं “चिरा नाहीत, पट्टा उत्तम” हे आता खरं राहिलेलं नाही.

ताण्या झिजला हा गाडीचा दोष मी मानत नाही. दोन लाख मैल सेकंदाला चाळीस-चाळीस धक्के खाल्ल्यावर कुणीही झिजेल.

नवा ताण्या ७० डॉलरला मिळाला, बिनकामाची पुली २२ला, पट्टा ३८ला. बिनकामाची म्हणजे आयडलर. ती काहीच चालवत नाही, फक्त पट्ट्याला वळण देते. मार्चभर बर्फ आणि चिखल. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ऊन पडलं. सकाळी साडेआठला अण्णांना व्हिडिओवर घेतलं, कारण मी शब्द दिला होता. आता घड्याळं पुढं सरकली होती, त्यांच्याकडं सहा वाजले होते. माझा चौदा वर्षांचा मुलगा फोन धरून उभा राहिला. “बाळा, जरा खाली दाव. आता डावीकडं. हां, थांब तिथंच,” असं त्याला अण्णा सांगत होते आणि तो मराठी नीट समजून फोन फिरवत होता. त्या दोघांचं इतकं सलग बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हवेचा मोठा पाईप बाजूला केला, तेवढ्यानं हात जायला जागा झाली. पट्टा कसा कसा फिरलाय त्याचा फोटो काढला. मग १५ मिलिमीटरची गोटी लांब दांडीला लावून ताण्याच्या पुलीच्या मधल्या बोल्टवर बसवली आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ओढली. ताण्या आला, पण फारच मुकाट्यानं. मधे एका ठिकाणी अडकला, मग टक्कन सुटला. चांगला ताण्या पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारख्या जोरानं फिरतो. मी तो तीनदा पुढं-मागं केला, तिन्ही वेळा त्याच जागी अडकला. अण्णांना आवाज ऐकू गेला. “झिजून खड्डा पडलाय त्यात,” ते म्हणाले.

पट्टा अल्टरनेटरवरून सरकवला आणि पंख्याच्या पात्यांआडून ओढून काढला. मोकळ्या झालेल्या पुल्या एकेक करून हातानं फिरवल्या. पाण्याचा पंप गुपचूप. अल्टरनेटर गुपचूप. आयडलरमध्ये खरखर होती, वाळूत बोट फिरवल्यासारखी. ताण्याची पुली मात्र एका झटक्यात कितीतरी वेळ फिरत राहिली. मुलगा म्हणाला, “ही तर मस्त फिरतेय.” अण्णा लगेच म्हणाले, “मस्त न्हवं ते. ग्रीस संपलंया. ग्रीस असतं तर तिनं इतकं पळायचं न्हाई.” खरंच होतं. नवी पुली फिरवली तर दीड-दोन फेऱ्यांत थांबायची, दाट मधात फिरल्यासारखी.

ताण्याला दोन बोल्ट. पहिला कुरकुरत आला. दुसरा हलेना. ओहायोत थंडीभर रस्त्यावर मीठ टाकतात, २० हिवाळ्यांचं मीठ त्या बोल्टच्या मुळाशी बसलेलं. आदल्या रात्री मी गंजावरचं तेल सोडून ठेवलं होतं, तरी नाही. खालचं सगळं अ‍ॅल्युमिनियम, आत बोल्ट तुटला असता तर शनिवारच काय, महिना गेला असता. मी दांडीवर वजन टाकणार इतक्यात फोनमधून आवाज आला: “सोडू नगंस. आधी आवळ. आवळून मग सोड.” मी केसभर आवळला. काहीतरी आत चरकलं. मग उलटा फिरवला आणि तो सुटला. एक पाव फेरा सोडायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडायचा. असं करत पंधरा मिनिटांनी तो माझ्या हातात आला. तांबडा, खरखरीत, पण आटे शाबूत. हातात आला तेव्हा माझे दोन्ही हात थरथरत होते आणि मला फार म्हणजे फार बरं वाटलं.

जुना आणि नवा ताण्या पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले. दिसायला जुळे. जुन्याची डबी एका हातात धरली आणि पुली दुसऱ्या हातानं वर-खाली दाबली, तर पुलीची कड तीनेक मिलिमीटर डुलली. नव्याची तसूभर हलली नाही. एवढ्याशा तीन मिलिमीटरनं पाच महिने आम्हाला नाचवलं होतं. मी फोन अगदी जवळ नेऊन ते डुलणं अण्णांना दाखवलं. त्यांनी परत दाखवायला सांगितलं. मग परत.

नवा बसवायच्या आधी अण्णा म्हणाले, “खालची भुकटी पूस. सगळी. जुनी राहिली तर नवी कशी दिसंल?” हे माझ्या डोक्यात आलं नसतं. फडकं साबणाच्या पाण्यात पिळून मी ती ओतीव जागा आणि आजूबाजूचं सगळं लख्ख पुसलं. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशनं साफ केले. दोन्ही बोल्ट आधी बोटांनीच बसवले, जातील तितके. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत लोखंडाचा बोल्ट पहिल्यापासून पान्यानं लावू नये. वाकडा गेला तर आटे खाऊन टाकतो. मग टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्यानं, ५० न्यूटन-मीटर, इकडच्या मापात ३७ फूट-पाऊंड. आयडलरलाही तेवढाच.

नव्या स्प्रिंगनं मला माझी जागा दाखवली. जुना ताण्या मी एका हातानं ओढला होता, नव्याला दोन्ही हात आणि पाय गाडीच्या बंपरला टेकवावा लागला. मुलानं पट्टा अल्टरनेटरवर चढवला. रेघांची बाजू रेघांच्या पुलीवर, सपाट पाठ सपाट पुलीवर, फोटोशी ताडून. मी हळूहळू दांडी सोडली. दिसायला सगळं छान. पण गाडी सुरू करायच्या आधी प्रत्येक पुलीवर बोट फिरवायची मला सवय आहे, आणि स्टेअरिंगच्या पंपाच्या पुलीच्या मागच्या बाजूला बोट गेलं तर पट्ट्याची एक रेघ पुलीच्या बाहेर लोंबत होती. सहातल्या पाच रेघा खाचांत, एक हवेत. डोळ्यांना वरून दिसतच नव्हतं. तशीच सुरू केली असती तर ती रेघ काही मिनिटांत सोलून निघाली असती. परत ताण्या ओढला, परत बसवला, आरसा धरून सगळ्या पुल्या मागून बघितल्या.

साडेअकरा वाजत आले होते. वायर जोडली, पाईप लावला. मुलानं फोन बॉनेटवर धरला आणि मी चावी फिरवली.

इंजिन लागलं. अल्टरनेटर भरायला लागला. मी किंकाळीची वाट बघत बसले होते, पाच महिन्यांची सवय. काही नाही. फक्त ५.३ लिटरची ती खोल घरघर, आणि अंगणात कुठंतरी रॉबिन पक्षी बोलत होता तो ऐकू आला.

फोनमधून अण्णा विचारत होते, “का गं, चालू झाली न्हाई व्हय?”

“चालूच आहे, अण्णा.”

मुलानं फोन खाली वाकून पट्ट्याकडं धरला. अण्णा बराच वेळ ऐकत राहिले. तिकडं रात्रीचे नऊ झाले होते, आईनं दोनदा जेवायला हाक मारलेली मी ऐकली होती. मग म्हणाले, “पाणी मार बघू.” मारलं. आवाज आला नाही, आणि दांडीही शांत होती. नीट बघितलं तरच कळावं इतकी हलकी थरथर. “आता जेवतो,” म्हणाले आणि फोन ठेवला.

तीन आठवडे झाले. ६०० मैलांच्या वर गाडी फिरली, त्यात एक खेप ओल्या खताची, हौदा काठोकाठ भरून. काल रात्री परत बॅटरी घेऊन वाकले. पुसून ठेवलेली जागा थोडी धुळकट झाली होती, पण बोटाला काळं लागलं नाही. फोटो काढून पाठवला. एसीच्या पट्ट्याला त्याचा वेगळा ताण्या आहे, तोही याच वयाचा. जूनमध्ये भाजीच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आत तोही बघून घेणार आहे.

गॅरेजवाल्याकडंही जाऊन आले. भांडायला नाही. जुना ताण्या नेला आणि त्याच्या टेबलावर डुलवून दाखवला. त्यानं हातात घेतला, फिरवला आणि दुसऱ्या पट्ट्याचे पैसे परत करायला निघाला. मी घेतले नाहीत; पट्टा त्यानं खरोखर घातला होता. पण पाण्याच्या बाटलीची परीक्षा त्याला सांगितली, आणि भुकटीचीही.

जुना ताण्या मी भंगारात टाकणार होते. अण्णांनी टाकू दिला नाही. डिसेंबरमध्ये गावी येताना घेऊन ये म्हणतात. आत स्प्रिंग कशी बसवलीय, बुश कुठं खाल्लाय, त्यांना हातानं बघायचंय. मी म्हटलं, उघडायचा नाही हं, आतली स्प्रिंग दाबलेली असते, सुटली तर डोळा जाईल. “न्हाई उघडत,” म्हणाले, “नुसता फिरवून बघतो.” दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. अण्णांनी माळ्यावरून गिरणीचा जुना पाना आणि कानस काढून तेल लावून ठेवलीय, कशाला ते सांगत नाहीत. मी ताण्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवलाय. पण त्याआधी त्याच्या दांडीला आणि डबीला मिळून जाड तार आवळून बांधलीय, सात-आठ वेढे, आणि गाठ पक्कडीनं पिळलीय.